विस्मृत रेणूचा प्रवास : फ्रेंच नियतकालिकापासून कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत

१/ श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही ‘बेलापूर’ असेच आहे. दौंड-मनमाड मार्गावरील या स्थानकातून दक्षिणेकडे निघालेली गाडी नगर ओलांडून दौंडला पोहोचते. तेथून काही किलोमीटरवर कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तेथील एका रासायनिक कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो मेफेड्रोन हस्तगत केले.

२/ मेफेड्रोन म्हणजे बोलीभाषेतील ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’. महानगरांतील पब आणि रात्रीच्या पार्ट्यांमध्ये खपणारी ही पूड उसाच्या आणि कांद्याच्या मुलखात कशी तयार होऊ लागली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जवळपास शंभर वर्षे मागे जावे लागते.

३/ सन १९२९. साएम द बुर्नागा सांचेझ या रसायनतज्ज्ञाने एका फ्रेंच नियतकालिकात या संयुगाची कृती प्रसिद्ध केली. त्याचा औषध म्हणून उपयोग झाला नाही, नशा म्हणूनही नाही. पुढील सात दशके हा रेणू जुन्या अंकांच्या पानांत पडून राहिला.

४/ त्याचे कुळ मात्र प्राचीन आहे. येमेन आणि इथिओपियात ‘खात’ नावाच्या झुडपाची ताजी पाने चघळण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. त्या पानांतील उत्तेजक घटक म्हणजे कॅथिनोन. मेफेड्रोन हे त्याचेच प्रयोगशाळेत घडवलेले, अधिक तीव्र भावंड.

५/ २००३ च्या सुमारास टोपणनावाने लिहिणाऱ्या एका हौशी रसायनज्ञाने इंटरनेटवर या संयुगाची नव्याने ओळख करून दिली. थोड्याच वर्षांत ते इस्रायल आणि युरोपात उघडपणे विकले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये त्याच्या पाकिटांवर ‘झाडांचे खत’ आणि ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे छापलेले असे. घेणाऱ्यालाही खरे ठाऊक होते आणि विकणाऱ्यालाही.

६/ कायदा मागून धावत होता. इस्रायल आणि स्वीडनने २००८ मध्ये, तर ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. भारतात मात्र अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस अधिनियमाच्या, यादीत मेफेड्रोनचे नाव नव्हते. ते ५ फेब्रुवारी २०१५ रोजी समाविष्ट झाले. तोवर मुंबईत एमडीने चांगलेच बस्तान बसवले होते.

७/ बंदीनंतरही उत्पादन का थांबले नाही? अफूला शेत लागते, कोकेनला अँडीज पर्वतातील कोकाची पाने लागतात. एमडीला ना ऋतू लागतो, ना जमीन. काही रसायने, एक शेड आणि रसायनशास्त्र जाणणारा माणूस एवढ्यावर भागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात असाच कारखाना उघडकीस आला. चार महिन्यांनी कुरकुंभ.

८/ शरीरात ही पूड काय करते? मेंदूतील डोपामाइन, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या संदेशवाहक द्रव्यांचा एकदम पूर येतो. उत्साह, जवळीक, बोलकेपणा वाढतो. मात्र दोन-तीन तासांत हे सारे ओसरते आणि पुन्हा घेण्याची अनावर ओढ लागते. एका रात्रीत अनेकदा सेवन होते, ते यामुळेच.

९/ त्याची किंमत हृदय आणि मन दोघांना मोजावी लागते. नाडी आणि रक्तदाब वाढतो, जबडा आवळला जातो, हातपाय थंड व निळसर पडतात, नाकातून रक्त येते. गर्दीत तासन्‌तास नाचताना शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाऊ शकते. पुढे निद्रानाश, संशय, भास आणि खोल नैराश्य येते. मद्य किंवा इतर उत्तेजकांसोबत धोका आणखी बळावतो.

१०/ या विषबाधेवर नेमका उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात; म्हणून छातीत दुखणे, झटके येणे, शुद्ध हरपणे किंवा अंग तापणे दिसताच रुग्णालय गाठणे आणि काय घेतले ते खरे सांगणे, यावर जीव अवलंबून असतो.

११/ कायद्याच्या लेखी एमडीचे २ ग्रॅम हे ‘अल्प’, तर ५० ग्रॅम हे ‘व्यावसायिक’ प्रमाण. व्यावसायिक प्रमाणासाठी किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. याच कायद्याचे कलम ६४-अ मात्र फारसे कोणी वाचत नाही. स्वतःहून उपचार स्वीकारणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद त्यात आहे.

१२/ १९२९ ते २०१५ ही ८६ वर्षे. बहुतांश काळ हा रेणू निरुपद्रवी होता, कारण तो विस्मृतीत होता. कायद्यातील फट, इंटरनेट आणि रिकाम्या शेड यांनी त्याला बाजार मिळवून दिला. ‘महानगरांचे व्यसन’ म्हणून श्रीरामपूरसारख्या गावांनी त्याकडे पाठ फिरवावी, इतके अंतर आता उरलेले नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाची निःशुल्क मदतवाहिनी : १४४४६.