आवाज वेळेवर पोचावा म्हणून

मंडळी, जात्यावर बसलेल्या एखाद्या बाईला आपण म्हटले की, "बाई, तुझा आवाज तुझ्याच कानी जरा मागाहून येईल, पण तू म्हणत राहा," तर काय होईल? दोन ओळींत तिची ओवी अडखळेल. खोल विहिरीत डोकावून बोलून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आपलाच शब्द उशिरा परत आला की जीभ घुटमळते.

आता हा उशीर मोजायचा कसा? एका सेकंदाचे हजार भाग करा. एवढ्या एका भागात आवाज हवेतून सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे भजनात पखवाजी आपल्यापासून दहाबारा फुटांवर बसला असेल, तर त्याची थाप आपल्या कानी यायला असे दहा भाग लागतात. तेवढ्याने कोणाचा ताल चुकत नाही. वीसतीस भाग झाले की मात्र गाणाऱ्याला ते खुपू लागते, आणि शंभर-दोनशे झाले की साधे बोलणेही अवघड होते.

आज मी तुम्हांला या उशिराचीच हकिगत सांगणार आहे. लिनक्स नावाची एक संगणक-प्रणाली आहे. ती फुकट मिळते, तिचे मूळ लिखाण उघडे आहे, आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही ती बहुधा चालते. तिच्यावर घरबसल्या ध्वनिमुद्रण करता यावे म्हणून काही माणसे वीसपंचवीस वर्षे झगडली. एका हजारांशासाठी झगडली, असे म्हटले तरी चालेल.

पण संगणकाला उशीर होतोच का? तो तर विजेवर चालतो! जुन्या मंडळींना मोट आठवत असेल. विहिरीतले पाणी मोटेत भरायचे, बैलांनी ती वर ओढायची, पाणी थारोळ्यात पडायचे आणि तिथून पाटाने वाहायचे. संगणकातला आवाजही असाच मोटेमोटेने येतो. एका सेकंदात आवाजाची 48,000 मोजमापे घेतली जातात, आणि ती एकेक करून नव्हे, तर खेपेखेपेने पुढे दिली जातात. एका खेपेत 1024 मोजमापे भरली, तर ती भरायलाच 21 हजारांश जातात. 128 भरली तर तीनापेक्षाही कमी. मग लहानच मोट का घेऊ नये? घ्यावी की! पण मग खेपा वाढतात, आणि बैल क्षणभर थबकले की पाट कोरडा पडतो. गाण्याच्या मध्येच 'टक्' असा आवाज येतो, तो हाच कोरडा पाट. तेव्हा सारा प्रश्न मोटेचा नव्हता, बैलांचा होता. संगणकाने ठरल्या वेळी हातातले काम टाकून आवाजाकडे धावले पाहिजे. नेमके हेच लिनक्सला येत नव्हते.

याचे कारण तिच्या जन्मातच होते. 1991 साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहायला घेतला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्येच खुल्या प्रणालीची घोषणा करून तिची बरीच अवजारे तयार केली होती. गाभा तेवढा राहिला होता, तो असा मिळाला. पण या गाभ्याचा नमुना होता युनिक्स, म्हणजे पुष्कळ माणसांची कामे एकाच यंत्राकडून उरकून घेणारी प्रणाली. दिवसअखेर एकूण काम जास्त झाले पाहिजे, हा तिचा बाणा. एखादे काम पाव सेकंद खोळंबले तर तिला त्याचे काय?

आवाज आला तो बाजूच्या दाराने. फिनलंडचेच हान्नू साव्होलाइनेन यांनी 1992 च्या सुमारास 'साउंड ब्लास्टर' या ध्वनिपत्रासाठी, म्हणजे संगणकात बसवायच्या साउंड कार्डासाठी, चालक लिहिला. चालक म्हणजे गाभा आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. त्यामुळे लिनक्स बोलू लागली खरी, पण त्या रीतीत साधारणपणे एका वेळी एकाच कार्यक्रमाला आवाज काढता येई. पुढे झेक देशातल्या यारोस्लाव्ह कायसेला यांनी 1998 मध्ये 'अल्सा' नावाची नवी व्यवस्था सुरू केली. तीही निघाली एका साध्या गरजेतून. त्यांना एक विशिष्ट ध्वनिपत्र नीट चालवायचे होते.

आता कथेतला मुख्य माणूस येतो. पॉल डेव्हिस हे मूळचे इंग्लंडचे, राहायला अमेरिकेत. ॲमेझॉन या दुकानाच्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रम-लेखकांपैकी एक. ती नोकरी सोडल्यावर त्यांनी बहुपदरी ध्वनिमुद्रणाचा एक कार्यक्रम लिहायला घेतला. त्याचे नाव 'आर्डर'. बहुपदरी म्हणजे काय? आधी पेटी मुद्रित करायची, मग ती कानात ऐकत तिच्यावर गाणे, मग टाळ. इथे उशीर झाला की सगळे फिसकटते. डेव्हिस यांच्या लक्षात आले की आपला कार्यक्रम कितीही चांगला लिहिला तरी खालचा गाभाच मध्ये मध्ये झोपतो. डिस्कवर मोठी नोंद चालली की शंभर-शंभर हजारांश कोणाला दाद देत नाही.

यावर उपाय नव्हता असे नाही. हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी गाभ्याला ठिगळे लावून ही झोप खूपच कमी करून दाखवली होती. पण ती ठिगळे मूळ गाभ्यात नव्हती. ज्याला हवी त्याने ती स्वतः लावून गाभा पुन्हा घडवावा, असा मामला. गावच्या गवयाने हे कसे करावे? म्हणून 2000 सालच्या जूनअखेरीस डेव्हिस यांच्या पुढाकाराने ध्वनीवर काम करणाऱ्या अनेकांनी मिळून गाभ्याच्या कर्त्यांना एक जाहीर पत्र लिहिले. आम्हांला हा गाभा वापरायचा आहे, तो वेळेवर जागा होईल असे करा, असा त्याचा मथितार्थ.

टॉरव्हाल्ड्स यांनी ती ठिगळे घेतली नाहीत. या ठिकाणी पुष्कळांना त्यांचा राग येतो, आणि तेव्हाही आला. पण मला विचाराल तर त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. शेकडो जागी 'इथे जरा थांबून बघ' अशा खुणा ठोकत गेले तर उद्या तो गाभा सांभाळणार कोण? छप्पर गळते म्हणून जागोजाग पत्रे मारण्यापेक्षा वासेच नीट बसवावेत, असा तो विचार होता. मात्र वासे बसेपर्यंत गळते घर कोणाच्या वाट्याला येते, हेही विसरून चालत नाही.

वाशांचे काम 2002 मध्ये सुरू झाले. रॉबर्ट लव्ह या तरुणाने पुढे नेलेली एक दुरुस्ती विकासाच्या शाखेत घेतली गेली. तिच्यामुळे गाभा स्वतःच्या कामात असतानाही त्याला मध्येच उठवता येऊ लागले. त्याच वर्षी अल्साही मूळ गाभ्यात आली, आणि डिसेंबर 2003 मध्ये 2.6 ही आवृत्ती निघाली तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदमच सर्वांच्या हाती पडल्या. डेव्हिसही स्वस्थ बसले नव्हते. आर्डरच्या पोटातूनच त्यांनी 'जॅक' नावाची योजना वेगळी काढली. जुन्या दूरध्वनी-केंद्रात बाई तारा काढून दुसऱ्या भोकात घालीत, तशी ही. एका कार्यक्रमातला आवाज दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात. आणि विशेष म्हणजे सगळे एकाच ठेक्यावर. दर खेपेला जॅक प्रत्येकाला हाक देई, आणि प्रत्येकाने आपला वाटा तेवढ्या वेळात पुरा करायचा. भजनात टाळकऱ्यांनी एकाच हातावर नजर ठेवावी तसे.

इथे सगळे गोड झाले, असे मला सांगता आले असते तर बरे वाटले असते. पण झाले उलटेच. सामान्य माणसाला गाणीही ऐकायची होती आणि फोनवर बोलायचेही होते. त्याच्यासाठी लेनार्ट पोएटरिंग यांनी 2004 पासून वेगळी व्यवस्था बांधली. तीच पुढे 'पल्स-ऑडिओ' म्हणून 2007–08 मध्ये मोठ्या वितरणांत आली. तिची मोट मोठी, बैल निवांत. बॅटरी वाचावी हा एक हेतू. जॅकला मात्र ध्वनिपत्र स्वतःच्या ताब्यात हवे. एका जोडीला दोन गाडीवान! गाणे मुद्रित करायला बसावे तर यंत्र म्हणे, ध्वनिपत्र दुसऱ्याकडे आहे. कितीतरी लोक या काळात कंटाळून लिनक्स सोडून गेले.

हे भांडण मिटायला आणखी बारातेरा वर्षे लागली. विम टायमन्स यांनी चलच्चित्रांसाठी सुरू केलेली 'पाइपवायर' ही योजना हळूहळू आवाजाकडे वळली. जॅकसाठी लिहिलेले कार्यक्रम तिला जॅक समजतात आणि पल्ससाठी लिहिलेले तिला पल्स समजतात. दोघांचे एकाच वेळी चालते. एप्रिल 2021 मध्ये 'फेडोरा' या वितरणाने तिला आवाजाचा कारभार सोपवला, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिची 1.0 आवृत्ती आली.

आणि त्या 2000 सालच्या पत्राचे काय झाले? मोल्नार, जर्मनीचे थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी यांनी 2004 पासून गाभ्याला पूर्णपणे वक्तशीर करण्याचे काम धरले होते. गंमत अशी की, यात गवयांना अनपेक्षित सोबती मिळाले. कारखान्यांतली यंत्रे चालवणाऱ्यांनाही हीच वक्तशीरता हवी होती, आणि पैसा त्यांच्याकडे होता. काम तुकड्यातुकड्याने मूळ गाभ्यात जात राहिले. शेवटचा अडथळा कोणता असावा? गाभा आपल्याच तक्रारी पडद्यावर लिहून काढतो त्या रीतीचा! ती लिहिण्यात तो इतका रंगून जाई की बाकी सारे खोळंबे. तेही सुटले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्ना इथल्या परिषदेच्या वेळी ग्लाइक्सनर यांनी शेवटचा विनंतिअर्ज सोनेरी कागदात गुंडाळून टॉरव्हाल्ड्स यांच्या हाती दिला. त्याच नोव्हेंबरात निघालेल्या 6.12 आवृत्तीपासून ही सोय मूळ गाभ्यातच आहे. पत्र लिहिल्यापासून चोवीस वर्षे झाली होती.

आता गुरुजी विचारतील, आम्हांला याचा उपयोग काय? उपयोग असा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबली, आणि पुष्कळ शाळांतली यंत्रे पुढची विंडोज घेऊ शकत नाहीत. ती यंत्रे भंगारात घालण्याआधी एकदा लिनक्स लावून पाहा. यंत्र 64 बिटांचे असावे आणि निदान चार जीबी स्मृती असावी, आठ असेल तर काम सुखाने होते. 'उबुंटू स्टुडिओ' नावाचे वितरण 2007 पासून ध्वनिचित्राच्या कामासाठीच निघते. ते उतरवून पेनड्राइव्हवर चढवावे आणि यंत्र त्यावरून सुरू करावे. आतल्या डिस्कला हात न लावताही ते चालवून बघता येते. माइक, यूएसबीवरचे ध्वनियंत्र, सगळे आधी असे तपासून घ्यावे. ध्वनियंत्र घेताना वेगळा चालक न लागणारे घ्यावे.

सगळे नीट चालले तर मग कायमचे बसवावे. पण थांबा, आधी डिस्कवरचे सारे दुसरीकडे उतरवून ठेवा. बसवताना 'डिस्क पुसून टाकू का' असे विचारले जाते, आणि हो म्हटले की ती खरेच पुसली जाते. मी घाईत हो म्हटले होते. त्या डिस्कवर एका वृद्ध भारुडकाराची चौदा भारुडे होती. ती पुन्हा म्हणून घ्यायला मी गेलो तेव्हा ते राहिले नव्हते.

बसवल्यावर एक गोष्ट पाहावी लागते. आवाजाच्या कामाला इतर कामांच्या पुढे जाण्याची परवानगी लागते, आणि त्यासाठी तुमचे नाव 'ऑडिओ' या गटात असावे लागते. उबुंटू स्टुडिओत ते करून देणारे साधन आहे, इतर वितरणांत ते हाताने करावे लागते. मग मोट ठरवा. नुसते भाषण, गोष्ट किंवा एकट्या आजींच्या ओव्या मुद्रित करायच्या असतील आणि आवाज कानात परत घ्यायचा नसेल, तर उशिराची चिंताच करू नका. खुशाल 1024 ठेवा. त्याला 'ऑडॅसिटी' हा सोपा कार्यक्रम पुरे. तो 2000 सालापासून लोकांच्या हाती आहे. मुंबईच्या आय. आय. टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प खुले कार्यक्रम शिकवणारे पाठ भारतीय भाषांत तयार करतो. त्यात ऑडॅसिटीचेही पाठ आहेत, ते शिक्षकांनी जरूर पाहावेत.

पेटीवर गाणे चढवायचे असेल तर मात्र आर्डर घ्या आणि मोट 256 वर आणा. एका खेपेला सव्वापाच हजारांश लागतात. आत येणे, बाहेर जाणे आणि यंत्राचा स्वतःचा वेळ धरून पंधराच्या आसपास हिशेब जातो. 'टक्' ऐकू आले तर 512 करा, नाही आले तर 128 करून पाहा. लॅपटॉप असेल तर वायफाय बंद करा, पुष्कळदा तिथेच बैल अडतात. आणि गाणाऱ्याला पाच हजारांशही खुपत असतील, तर ध्वनियंत्रावरच आवाज थेट कानात देण्याची खुंटी असते ती फिरवा. तो आवाज संगणकातून जातच नाही.

मुद्रण दुपारी नको. पत्र्याची शाळा तापते आणि संगणकाचा पंखा घोंघावू लागतो. सकाळी मुले यायच्या आधी आजींना बोलवा, माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा, आणि पहिली ओवी संपली की लगेच तिची नक्कल दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा.