रुग्णाच्या खाटेपासून धोरणाच्या दालनापर्यंत : पांढुर्णा-सौंसरच्या निमित्ताने

सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात सर्दी-खोकल्याचे औषध घेतलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. मृतांची संख्या वीसच्या वर गेली. बहुतेक मुले परासिया भागातील होती. शेजारच्या बैतूल आणि पांढुर्णा जिल्ह्यांतील बालकांचाही त्यांत समावेश होता. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलविण्यात आले होते. मूत्रपिंडाच्या ऊतीची तपासणी झाली, तेव्हा विषारी द्रव्याचा संशय बळावला. पुढे तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के आढळले. त्याची अनुज्ञेय मर्यादा केवळ ०.१ टक्का आहे.

औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला आणि उत्पादकाला अटक झाली. मात्र या घटनेने उभा केलेला प्रश्न न्यायालयीन निवाड्याने संपणारा नाही. रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि औषधविषयक नियम ठरविणारी यंत्रणा यांच्यामधील दुवा कोणी सांभाळावयाचा, आणि त्यासाठी डॉक्टरला कोणते शिक्षण लागते, हा तो प्रश्न होय.

मराठी मुलखाचा सीमावर्ती तुकडा

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके (मध्य प्रदेशात त्यांना तहसील म्हणतात) दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. येथील घराघरांतली मराठी, संत्र्यांच्या बागा, कपाशी आणि पोळ्याचा सण काटोल-नरखेडशी नाते सांगतात. शासकीय आदेश मात्र हिंदीत आणि भोपाळहून येतात.

आजारपणाचा रस्ता त्याच्या उलट दिशेने, दक्षिणेकडे जातो. आजार गंभीर झाला की कुटुंब नागपूर गाठते. त्यामुळे रुग्ण एका राज्याचा आणि उपचार दुसऱ्या राज्यात, ही येथील नित्याची स्थिती आहे. नव्या जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा उभारताना हे वास्तव ध्यानात घेणारा अधिकारी लागतो. असा अधिकारी केवळ उत्तम चिकित्सक असून भागत नाही.

ऑस्टिओपॅथिक डॉक्टर धोरणाकडे का वळले?

चिकित्सकांना धोरणाचे शिक्षण देण्याचा एक लक्षणीय प्रयोग अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांनी केला. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपथीचा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. शरीर हे एकसंध आहे आणि अस्थी-स्नायूंच्या रचनेचा आरोग्याशी निकटचा संबंध आहे, ही तिची मूळ भूमिका. कालांतराने तेथील अभ्यासक्रमात औषधशास्त्र व शस्त्रक्रिया यांचा पूर्ण समावेश झाला. आज अमेरिकेत ‘डीओ’ पदवीधारकाला ‘एमडी’ पदवीधारकाइतकेच व्यवसायाचे अधिकार आहेत आणि तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे चतुर्थांश विद्यार्थी या शाखेत शिकतात. इतर अनेक देशांत ऑस्टिओपॅथ हा केवळ हाताने उपचार करणारा व्यावसायिक असतो. त्याच्या प्रशिक्षणाचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. हे दोन वर्ग एक समजू नयेत.

अमेरिकेतील समान अधिकार सहजासहजी मिळाले नाहीत. १९६१-६२ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात सुमारे दोन हजार ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांना नाममात्र शुल्क घेऊन ‘एमडी’ पदवी देण्यात आली आणि पाठोपाठ सार्वमताने नव्या ‘डीओ’ परवान्यांना बंदी झाली. ती बंदी १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने उठली. आपल्या व्यवसायाचे भवितव्य दवाखान्यात नव्हे, तर विधिमंडळात आणि न्यायालयात ठरते, हा धडा या समुदायाने त्यातून घेतला.

त्या धड्याला संस्थात्मक रूप देण्यात डॉ. बार्बरा रॉस-ली यांचा वाटा मोठा आहे. १९९१ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानच्या आरोग्य-धोरण अधिछात्रवृत्तीवर त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या कार्यालयात काम केले. १९९३ मध्ये त्या ओहायो विद्यापीठाच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयाचे हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पुढे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांसाठी आरोग्य-धोरणाचा स्वतंत्र प्रशिक्षणक्रम सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. व्यवसाय न सोडता डॉक्टरांनी कायदा कसा घडतो, निधी कसा वाटला जातो आणि पुरावा थोडक्या शब्दांत कसा मांडावा हे शिकावे, असा या शिक्षणाचा गाभा आहे.

भारतातील समांतर चित्र

भारतात याच्याशी तुलना करता येईल असा मोठा वर्ग म्हणजे आयुर्वेद, होमिओपथी, युनानी आदी शाखांचे पदवीधर. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि या डॉक्टरांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थान देण्याचे धोरण आले. २०१३ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या-शाळांत जाऊन मुलांची तपासणी करणाऱ्या फिरत्या पथकांत आयुष डॉक्टर नेमले गेले. २०१८ पासून उभारल्या गेलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत (आताचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचर्या पदवीधरांबरोबर आयुर्वेद पदवीधरांनाही सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर संधी मिळाली.

त्यांच्याही अधिकारांचा निर्णय दवाखान्याबाहेर होतो. आधुनिक औषधे कोणी लिहून द्यावीत, हे औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार राज्य सरकारांच्या अखत्यारीत येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मधील मुख्तियार चंद प्रकरणात याचा ऊहापोह केला आहे. परिणामी एकच पदवी घेतलेल्या दोन डॉक्टरांचे अधिकार राज्याच्या सीमेवर बदलू शकतात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपथी डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट मोकळी केली. त्यावरचा वाद अद्याप शमलेला नाही. सीमेवरच्या जिल्ह्यात असा फरक ही केवळ तात्त्विक बाब राहत नाही.

मराठी मुलखातील पूर्वसूरी

चिकित्सकाने सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घ्यावे आणि धोरणावर ठसा उमटवावा, ही परंपरा या भूमीला नवी नाही. डॉ. सुशीला नय्यर यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्चशिक्षण घेतले, १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या आणि १९६९ मध्ये सेवाग्राम येथे ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच प्रयत्नांतून.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानेही जॉन्स हॉपकिन्सचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये जामखेड येथे काम आरंभिले. गावातील अल्पशिक्षित स्त्रीला आरोग्यसेविका करण्याचा त्यांचा प्रयोग जगभर अभ्यासला गेला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात घडलेले दांपत्य. १९८४ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामसेविकांनी घरोघरी जाऊन केलेल्या नवजात बालकांच्या सेवेमुळे मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि हे काम देशभरातील आशा कार्यकर्तीकडे आले. एका कोपऱ्यातील जिल्ह्यातून राष्ट्रीय धोरण कसे घडते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

गोमंतकाचाही यात वाटा आहे. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ने प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांकडून प्राथमिक स्तरावर नैराश्याचे उपचार करता येतात, हे संशोधनाने दाखविले. संस्थेचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल हे पुढे राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणाच्या मसुद्याशी जोडले गेले.

धोरणशिक्षण म्हणजे नेमके काय?

पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात हे चार उदाहरणांनी स्पष्ट होते.

पहिले, मोजणी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. सौंसरचे मूल नागपूरच्या रुग्णालयात दगावले, तर नोंद नागपूरला होते. ती माहिती मूळ जिल्ह्याकडे परतली नाही, तर कागदावर जिल्हा निरोगी दिसतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो अधिकारी आकड्यांवर विसंबून चुकीचे नियोजन करील.

दुसरे, औषधनियंत्रण. क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना औषधाच्या वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. छिंदवाड्यातील औषधात हेच घटक होते. म्हणजे नियम होता. तो गावच्या दवाखान्यापर्यंत आणि औषधविक्रेत्यापर्यंत पोहोचला नव्हता. शिवाय ही विषबाधा अपूर्व नव्हती. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनाने शंभरावर बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा नवा कायदा आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदी व तपासणी यांतील दोष उघड केले. हा इतिहास ज्ञात असलेला डॉक्टर दोन-तीन मुलांची लघवी एकाच आठवड्यात बंद झालेली पाहून संसर्गाबरोबर औषधाच्या बाटलीकडेही संशयाने पाहील आणि वरच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवील.

तिसरे, गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जांब नदीच्या पात्रात दगडफेकीचा पारंपरिक मेळा भरतो. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. मृत्यूही झाले आहेत. जखमा शिवण्यासाठी डॉक्टरांची तात्पुरती केंद्रे उभारली जातात. धोरणाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर टाके घालून थांबत नाही. कोणत्या वयाचे, किती वाजता, कोणत्या अवयवाला इजा होऊन येतात, याची नोंद ठेवून तो प्रशासनापुढे आणि गावकऱ्यांपुढे मांडतो. श्रद्धेचा विषय केवळ मनाईहुकमाने सुटत नाही, हेही त्याला समजावे लागते.

चौथे, सिकलसेल. विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आणि सात कोटी लोकांची तपासणी हा त्याचा पल्ला. तपासणीनंतर वाहक असलेल्या तरुण-तरुणींना विवाहापूर्वी त्यांच्याच भाषेत समुपदेशन मिळाले नाही, तर चाचणीचे कार्ड पेटीतच राहील. मराठी बोलणाऱ्या गावात हिंदी पत्रके वाटणे ही छोटी त्रुटी वाटते; परिणाम मोठा असतो.

शिक्षणाच्या वाटा

या विषयाचे शिक्षण देशात उपलब्ध आहे. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून कार्यरत आहे. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. नागपुरातही शासनाची सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. अनेक अभ्यासक्रम आयुष पदवीधरांनाही खुले आहेत.

अडचण शिक्षण संपल्यावर सुरू होते. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र केडर असावे, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने त्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तामिळनाडूत मात्र स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य संचालनालयाची परंपरा जुनी असून तेथील सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ चा आहे. गोव्याचा स्वतःचा कायदा १९८५ चा. केडर नसेल, तर पदवी घेतलेला डॉक्टर पुन्हा बाह्यरुग्ण विभागात बसतो आणि जिल्ह्याचे नियोजन केवळ सेवाज्येष्ठतेने वर आलेल्या अधिकाऱ्याकडे जाते.

अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांचा मार्ग येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्यांची पदवी वेगळी, कायदा वेगळा, विम्याची व्यवस्था वेगळी. घेण्याजोगी गोष्ट एकच : व्यवसायात मुरलेल्या डॉक्टरला, त्याचे गाव आणि दवाखाना न सोडविता, कायदा, निधी आणि आकडेवारी यांचे शिक्षण देता येते. पांढुर्णा हा जिल्हा नवा आहे. त्याच्या आरोग्ययंत्रणेच्या सवयी अजून घडावयाच्या आहेत. मुलाला कोणते औषध दिले, ते कोठून आले आणि मूल कोठे दगावले, ही तीन उत्तरे एकाच नोंदीत सापडतील अशी व्यवस्था करणारा एक माणूस जरी तेथे तयार झाला, तरी पुढच्या वेळी बाटली लवकर ओळखली जाईल.