अर्ध्या तासाचा विसावा : जत्रेचा फड, हेलसिंकी आणि मल्लाचे वय

१/ नांदेडहून विष्णुपुरी, लोहा ओलांडून लातूरकडे निघाले की वाटेत माळेगाव लागते. मार्गशीर्षातील खंडोबाच्या यात्रेत येथे कुस्त्यांचा फड रंगतो. कुस्तीतील विश्रांतीचा इतिहास समजून घ्यायचा, तर सुरुवात अशा फडापासूनच करावी लागते.

२/ जत्रेत जोड ठरते. नामांकित मल्लाच्या वाट्याला सहसा एकच मोठी कुस्ती येते, तीही निकाली. पाठ टेकेपर्यंत झुंज आणि त्यानंतर मालिश, खुराक, झोप. पुढच्या फडापर्यंत शरीराला सावरायला अवधी असतो.

३/ ऑलिंपिकने हे गणित बदलले. वजनगट, गुण आणि लागोपाठच्या फेऱ्या आल्या. जो विसावा दिवसांत मोजला जाई, तो मिनिटांत मोजला जाऊ लागला.

४/ १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेव्हा २६ वर्षांचे होते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. या वेळी ५७ किलो गटात पदकाच्या उंबरठ्यावर होते.

५/ सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत अशी : जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज होताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवपुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. तो बजावून सांगायला भारतीय अधिकारीच हजर नव्हता. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

६/ अर्ध्या तासाने काय साधते? श्वास आणि नाडी ठिकाणावर येतात, भरून आलेले स्नायू सैल होतात, पकडीत पुन्हा जोर येतो. स्नायूंतील खर्ची पडलेला ऊर्जेचा साठा मात्र अन्न आणि झोपेनेच, बऱ्याच तासांनी भरतो.

७/ वय वाढते तशी ही भरपाई मंदावते. विशीत रात्रभराच्या झोपेने भरून निघणारी झीज पुढे अधिक दिवस मागते. दुखापतही लवकर पाठ सोडत नाही. १९५६च्या ऑलिंपिकच्या वर्षी खाशाबा तिशीत पोहोचले होते. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची ती वाट आधीच अडवली होती.

८/ आता पुन्हा मराठवाडा. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. खेळाडूपण सरल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. पठ्ठ्याला केव्हा घुमवायचे आणि केव्हा थांबवायचे, हे ओळखणे हे वस्तादाचेच काम.

९/ त्यांचा बीड जिल्ह्यातील शिष्य राहुल आवारे याने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण पटकावले. वय २६, म्हणजे हेलसिंकीतील खाशाबांएवढेच.

१०/ दमलेल्या मल्लाला स्वतःसाठी वेळ मागता येतोच असे नाही. फडात ते काम वस्ताद करतो. हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूने ते करणारे कोणी नव्हते.