दुबईतलं रक्त आणि कुलूपबंद जनुक

दुबईत १९८९ साली थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी खास केंद्र सुरू झालं. या आजारात मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पण जन्मतात तेव्हा हीच मुलं ठणठणीत असतात. असं कसं?

गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन गॅमा जनुकावरून बनतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा गप्प होतं आणि बीटा जनुक काम हाती घेतं. या मुलांमध्ये नेमकं बीटाच बिघडलेलं असतं. गॅमा शाबूत असतं, फक्त कुलूपबंद. त्यातलं एक कुलूप म्हणजे डीएनएतल्या ‘सायटोसिन’ या अक्षराला चिकटलेला मिथाइल गट. अक्षर तेच राहतं, पण पेशी ते जनुक वाचत नाही.

१९७५ मध्ये रिग्ज यांनी, आणि वेगळेपणाने हॉलिडे व प्यू यांनी, मिथाइल गटांमुळे जनुकं बंद-चालू होत असावीत असं सुचवलं. १९८२ मध्ये अमेरिकेत टिमोथी ले आणि सहकाऱ्यांनी मिथाइल बसू न देणारं ॲझासायटिडिन एका थॅलेसेमिया रुग्णाला दिलं. गॅमा जागं झालं! पण औषध विषारी. शिवाय मिथाइलला थेट हात न लावणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियानेही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, हे पुढे दिसलं. म्हणजे कुलपं अनेक आहेत. २००८ मध्ये बीसीएल११ए हे दुसरं कुलूप सापडलं. त्यावर बेतलेला जनुकोपचार ब्रिटनने २०२३ मध्ये मंजूर केला, पुढे अमिरातीनेही.

आणि हो, अमिरातीत बीटा बिघडवणारा जो बदल सर्वाधिक आढळतो, तोच भारतातही. तेव्हा दुबईतल्या मराठी घरांनो, ही गोष्ट परक्याची समजू नका. लग्नाआधीची रक्तचाचणी टाळू नका.