स्वादुपिंडातल्या बेटांची कुळकथा

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत एखाद्या पोराला टाइप-वन शुगर निघाली, की कुणीतरी विचारतंच: किडनी बदलतात, मग स्वादुपिंड का बदलता येत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि तो इन्शुलिनपेक्षाही जुना आहे. 1893च्या डिसेंबरात ब्रिस्टलच्या वॉटसन विल्यम्स यांनी मरणाच्या दारातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. मुलगा तीन दिवसांत गेला. माणसाला इन्शुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ते 1922 साली.

विल्यम्स यांची दिशा बरोबर होती. अडचण मालाची होती. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. इन्शुलिन करणाऱ्या पेशींची बेटं त्यात जागोजाग विखुरलेली, सगळी मिळून ग्रंथीचे एक-दोन टक्के. बर्लिनच्या पाउल लँगरहान्सने ती 1869 साली, ऐन एकविशीत पाहिली. ती काय करतात हे मात्र त्याला उमगलं नव्हतं. ती अखंड बाहेर काढणं म्हणजे एकही दाणा न फुटता डाळिंब सोलणं. सेंट लुइसचे पॉल लेसी आणि मेरी कोस्तियानोव्स्की यांनी 1967मध्ये कोलॅजिनेज हे विकर वापरून उंदरांत ते साधलं. माणसाच्या ग्रंथीसाठीचं यंत्र कॅमिलो रिकॉर्डी यांनी आणलं 1988मध्ये. माझ्या मते या कुळकथेचे खरे नायक हे सोलणारेच; नाव मात्र झालं एडमंटनचं. तिथे जेम्स शापिरो यांच्या चमूने, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सात रुग्णांच्या यकृतात, तिथे जाणाऱ्या शिरेतून, बेटं सोडली. शरीराने ती नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबायला स्टेरॉइड टाळून दुसरी औषधं दिली. सातही जणांचं इन्शुलिन सुटलं. पुढच्या अनुभवात, पाच वर्षांत बहुतेक रुग्ण पुन्हा इन्शुलिनवर आले. शुगर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपण्याचा धोका तेवढा कमी झाला.

या कुळात पुण्याचीही एक शाखा आहे. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे आणि आनंदवर्धन हर्डीकर यांनी बेटं गोठवून टिकवण्यावर काम केलं. टॉरीन हे द्रव्य घातलं की गोठवलेली बेटं जास्त चांगली तगतात, हे 2001च्या त्यांच्या निबंधात आहे. दाता आज मिळाला आणि रुग्ण तयार नसला, तर अशा साठवणीचं मोल कळतं.

दाते मुळातच थोडे, आणि एका रुग्णाला बरेचदा दोन-दोन लागतात. म्हणून आता मूळपेशींपासून बेटं घडवली जातात. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जण वर्षभरानंतर इन्शुलिनविना होते. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या त्यांनाही चुकल्या नाहीत. वाढत्या वयाच्या पोराला त्या गोळ्यांपेक्षा इन्शुलिनच परवडतं.

आपल्याकडे मधुमेहावर मूळपेशी-उपचाराला मान्यता नाही. ‘स्टेम सेलने शुगर मुळापासून घालवतो’ असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, आणि त्याच्या शब्दावर पोराचं इन्शुलिन एक दिवसही बंद करू नका.