पांडा आणि बांबूची शेती

महाकाय पांडा (आयलुरोपोडा मेलॅनोल्युका) जवळजवळ संपूर्णपणे बांबूवर जगतो आणि तो ज्या चीनमध्ये राहतो, तेथेच बांबू हे मोठे नगदी पीक आहे. बांबूची फरशी, चटई किंवा दात घासायचा ब्रश विकत घेतल्याने पांडाच्या तोंडचा घास हिरावला जातो का, ही शंका त्यामुळे वारंवार निघते. बाजारातील बहुतेक चिनी मालापुरते तिचे उत्तर नकारार्थी आहे. पांडावरचे संकट वेगळ्या वाटेने आले.

पांडा अस्वलाच्या कुळातला. त्याचे आतडे मांसाहारी प्राण्यासारखे आखूडच राहिले असल्याने बांबूचे तंतू त्याला नीट पचत नाहीत. खाल्लेल्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो. ही तूट भरून काढण्यासाठी तो दिवसाला १२ ते ३८ किग्रॅ. बांबू खातो आणि दिवसाचे १० ते १४ तास त्यातच घालवतो. मनगटाच्या वाढलेल्या हाडाचा अंगठ्यासारखा उपयोग करून तो कांडे धरतो, दातांनी साल काढतो आणि उसासारखे करवे पाडून खातो. विष्ठेत हे तुकडे बरेचसे न पचता तसेच सापडतात. त्यांची लांबी प्रत्येक पांडाच्या चाव्याप्रमाणे बदलते, म्हणून जंगलातील गणनेत ती मोजून कोणता पांडा कोणता हे ठरवायला मदत होते.

हा बांबू सिचुआन, शान्शी व गान्सू प्रांतांतील डोंगरांत, साधारण १,२०० ते ३,४०० मी. उंचीवर, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढतो. फार्गेशिया, बाशानिया अशा प्रजातींची ही बारीक, बुटकी कांडी फरशीच्या कामाची नाहीत. कारखान्यांना लागतो तो मोसो बांबू (फायलोस्टॅकिस एड्युलिस) : सुमारे २० मी. उंच, जाड, सखल टेकड्यांवरचा. त्याचे प्रसिद्ध केंद्र म्हणजे चच्यांग प्रांतातील आनजी परगणा, पांडाच्या डोंगरांपासून हजार किलोमीटरांहून अधिक पूर्वेला. सिचुआनच्या दक्षिण भागातही मोसो आहे, पण तोही सखल भागातच.

मोसोचा कोंब दोनेक महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, मात्र लाकूड पक्के व्हायला चार ते सहा वर्षे लागतात. म्हणून शेतकरी नव्या बांबूवर शाईने साल लिहून ठेवतात आणि मुरलेला तेवढाच तोडतात. जमिनीखालचे खोड जिवंत राहते, पुन्हा लागवड करावी लागत नाही. पीक म्हणून बांबूचा खरा गुण हाच. तरीही मालावर ‘पर्यावरणस्नेही’ लिहिलेले असले म्हणून निर्धास्त होता येत नाही. एकाच जातीचे मळे, त्यांना दिलेली खते आणि शेजारच्या रुंदपर्णी जंगलात घुसणारा मोसो यांमुळे इतर झाडे मागे हटतात. चच्यांगमधील थ्येनमू डोंगरावर हे दिसून आले आहे. बांबूपासून व्हिस्कोस कापड काढताना तीव्र रसायने वापरावी लागतात, तो प्रश्न आणखी वेगळा.

पांडाचा डोंगरातला बांबू मात्र अनेक दशकांतून एकदा, सगळा एकाच सुमारास फुलतो आणि मरतो. बियांपासून आलेली रोपे पुन्हा खाण्याजोगी व्हायला १० ते २० वर्षे जातात. १९७०च्या दशकाच्या मध्यात मिन पर्वतरांगेत असा फुलोरा आला आणि किमान १३८ पांडा मृत आढळले. दोष एकट्या फुलोऱ्याला देता येणार नाही, कारण फुलोरा पांडाला नवा नव्हता. पूर्वी एक जात मेली की तो उतरून दुसऱ्या उंचीवरच्या दुसऱ्या जातीकडे जाई. दरम्यानच्या काळात खालच्या दऱ्यांत शेती, वस्ती आणि वृक्षतोड पोहोचली होती. भूक फुलोऱ्याने आणली. मृत्यू आणला तो अडलेल्या वाटेने. १९८३मध्ये छ्योंगलाइ पर्वतरांगेतील फुलोऱ्याने पांडाकडे पुन्हा जगाचे लक्ष वेधले. तेथील वोलोंग अभयारण्यात तेव्हा प्राणिशास्त्रज्ञ हू चिन्चू व जॉर्ज शॅलर यांचे क्षेत्रसंशोधन सुरू होते.

यांगत्से नदीच्या १९९८मधील महापुरानंतर चीनने त्या नदीच्या वरच्या खोऱ्यात नैसर्गिक जंगलांतील व्यापारी तोड थांबवली. उतारावरची शेते पुन्हा झाडांखाली आणण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला देण्याची योजना १९९९मध्ये सुरू झाली. माझ्या मते पांडाला सर्वांत मोठा आधार या दोन निर्णयांनी दिला, प्राणिसंग्रहालयांतील पिल्लांपेक्षाही. २०१५मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या राष्ट्रीय गणनेत १,८६४ वन्य पांडा नोंदले गेले. त्याआधीच्या गणनेत ते १,५९६ होते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१६मध्ये पांडाला ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘असुरक्षित’ वर्गात आणले. पण हे १,८६४ पांडा ३३ तुटक गटांत विभागलेले आहेत आणि काही गट फारच लहान आहेत. पाळीव जनावरांची चराई चालूच आहे. वोलोंगमध्ये सोडलेले घोडे पांडाचाच बांबू खात असल्याचे आढळले होते. शान्शीमधील छिनलिंग पर्वतातील बांबू तापमानवाढीने आक्रसेल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

अभयारण्ये सलग जोडण्यासाठी २०२१मध्ये सुमारे २२,००० चौ. किमी.चे पांडा राष्ट्रीय उद्यान अधिकृतपणे स्थापन झाले. वाटा जोडण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते : छिनलिंगमध्ये महामार्ग बोगद्यातून गेल्यावर वरचा घाटरस्ता वाहतुकीतून मोकळा झाला आणि दोन्ही बाजूंच्या पांडांची ये-जा व्हावी म्हणून तेथे बांबू लावण्यात आला.