पंच आणि पंचनामा

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावी चोरी होवो, कोणी विहिरीत बुडून मरो, की गारपिटीने उभे पीक आडवे होवो, 'पंचनामा झाला काय?' हाच प्रश्न प्रथम कानी पडतो. नित्याच्या या शब्दात केवढा इतिहास साठला आहे, तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

'पंच' संस्कृत, 'नामा' फारसी. नामा म्हणजे लेख. करारनामा व जाहीरनामा ही त्याचीच भावंडे. मराठेशाहीत पंच हा निवाडा करणारा असे. त्याचा निर्णय आपणांस मान्य राहील, असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधी लिहून देत. पेशवाईतील न्यायदानाचे मुख्य साधन पंचायतच होते, असे एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नमूद केले आहे. गोतसभेच्या निवाड्याचा, हजर मंडळींच्या साक्षीनिशी होणारा लेख तो 'महजर'. या अरबी शब्दाच्या मुळाशी 'हजर असणे' हाच अर्थ आहे. कर्नाटकात पोलिसांच्या पंचनाम्यास आजही महजर म्हणतात.

इंग्रजी अमदानीत पंचाचे आसन गेले, हजेरी तेवढी उरली. १८९८ च्या फौजदारी कायद्याने झडतीच्या वेळी त्या भागातील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी साक्षीस बोलावण्याचे बंधन घातले. त्या कायद्यात 'पंचनामा' हा शब्द नाही. नव्या कागदास जुने नाव दिले ते लोकांनी. टेंभुर्णी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १९४८ साली ते राज्य भारतात आल्यावर पुढे हा कायदा तेथेही लागू झाला.

आजचा पंच निर्णय देत नाही. पाहतो आणि सही करतो. पंचनामा हा स्वयंपूर्ण पुरावाही नव्हे. पंचाने न्यायालयात सांगितलेल्या हकिकतीस तो केवळ दुजोरा देतो. म्हणून 'सही माझी, पण कागद वाचला नव्हता' असे पंच म्हणाला की खटल्याचा एक खांब खचतो. परंतु सारा दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पोलीस पंचनामा आटोपून निघून जातात. पंचास मात्र त्याच आळीत, त्याच शेजाऱ्यांत जन्म काढावयाचा असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. हे योग्यच झाले. तथापि यंत्र हजर राहील. गावाच्या वतीने खरे बोलण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे? ते पंचाजवळच असावयास हवे. आपणांस कोणी पंच म्हणून बोलाविले, तर डोळ्यांनी पाहावे, कागद अक्षर न् अक्षर वाचावा आणि मगच सही करावी. न्यायासनावरून उतरलेल्या पंचाची प्रतिष्ठा आता त्या सहीतच उरली आहे.